डाव कुठे थांबवायचा: ख्रिस्ती कुटुंबासाठी व्हिडिओ गेमविषयी मार्गदर्शन

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर गेला की दुपारी बारा ते पाच या वेळेत मुलांना बाहेर खेळायला पाठवता येत नाही. गल्ल्या ओस पडतात, पत्र्याची घरे भट्टीसारखी तापतात आणि परीक्षेतून सुटलेली मुले कूलरसमोर मोबाईल घेऊन बसतात. मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथशाळेत (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत) मोठ्या मुलांचा वर्ग घेतो. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी आई किंवा वडील उपासनेनंतर थांबून एकच प्रश्न विचारतात, की ख्रिस्ती मुलाला व्हिडिओ गेम खेळू द्यावा की नाही. हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. खेळणारा माणूस, मग तो चौदा वर्षांचा असो की चव्वेचाळीस, ठरवलेल्या वेळी थांबू शकतो का, हे आधी विचारले पाहिजे. पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्या या थांबण्याच्या तयारीच्या आहेत.

आमच्या लहानपणी थांबण्याचे काम यंत्रच करत असे. नव्वदच्या दशकात पार्लरमधल्या यंत्रात रुपयाचे नाणे टाकायचे, नाणे संपले की खेळ संपायचा, आणि खिशात दुसरे नाणे नसले की मुकाट्याने घरी यायचे. नंतर टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेम आल्या, त्यांनाही शेवटची पातळी असायची. माझे वडील यंत्रमागावर होते. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो आणि तेवढ्यात माणसाला पाठ सरळ करता येते, असे ते सांगत. आजच्या मोबाईल गेममध्ये ही कांडी संपतच नाही. रोज हजेरी लावली तर बक्षीस, आज खेळला नाहीत तर साखळी तुटली, दर काही आठवड्यांनी नवा हंगाम, आणि बक्षिसाच्या पेटीतून काय निघेल हे उघडेपर्यंत कळू नये अशी रचना. ज्यांचे उत्पन्न आपण खेळत राहण्यावर अवलंबून आहे त्यांनी ही बांधणी विचारपूर्वक केलेली आहे. त्यामुळे मुलाला थांबता येत नाही यात केवळ त्याचा हट्ट असतो असे मानणे अन्यायाचे ठरेल.

खेळाविषयी पवित्र शास्त्राची भूमिका

घरात नियम करण्यापूर्वी आईवडिलांनी आपल्या मनातला एक गोंधळ दूर करावा. पुष्कळ भाविक घरांत खेळ म्हणजे वाया गेलेला वेळ आणि वाया गेलेला वेळ म्हणजे पाप अशी सरळ रेघ ओढली जाते. शास्त्र अशी रेघ ओढत नाही. जखऱ्या संदेष्ट्याने पुनःस्थापित यरुशलेमेचे चित्र रेखाटले तेव्हा त्या नगराच्या रस्त्यांवर म्हातारी माणसे काठी टेकून बसलेली आहेत आणि मुलेमुली खेळत आहेत, असे लिहिले (जखऱ्या ८:४-५). प्रभू येशूने आपल्या पिढीला उपमा दिली ती बाजारात बसून एकमेकांना हाका मारणाऱ्या मुलांच्या खेळाची (मत्तय ११:१६-१७). म्हणजे त्याने तो खेळ थांबून पाहिला असला पाहिजे. पौलाला शर्यतीत धावणाऱ्यांची आणि मुष्टियुद्ध करणाऱ्यांची उदाहरणे सहज सुचतात, आणि विशेष म्हणजे त्याच ठिकाणी तो म्हणतो की स्पर्धेत उतरणारा प्रत्येक जण सर्व बाबतींत संयम राखतो (१ करिंथ ९:२४-२७).

मात्र त्याच पत्रात, सहाव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात, पौलाने मोकळीक आणि अधीनता या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे, पण मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही, असा त्याचा आशय आहे. माझ्या मते या विषयावर ख्रिस्ती घराला एवढे एक वचन पुरते, आणि त्याच्या जोडीला नीतिसूत्रांतले मधाचे उदाहरण घ्यावे (२५:१६). मध सापडला तर पुरेल इतकाच खा, नाहीतर ओकारी होईल. तिथे मधाला कोणी वाईट म्हटलेले नाही.

पहिली पायरी: आठ दिवसांची नोंद

नियम करण्याआधी एक आठवडा काहीही बदलू नये, फक्त नोंद ठेवावी. मुलाच्या जुन्या वहीची चार पाने पुरतात. कोणी, कोणता गेम, किती वाजता सुरू केला, किती वाजता थांबला, आणि थांबला तो आपणहून की कोणी ओरडल्यावर, एवढे लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्यांना त्याचाच आधार आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ नावाचा विभाग असतो, आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ असतो. तिथे प्रत्येक अ‍ॅपवर रोज किती वेळ गेला हे दिसते. वहीतला आकडा आणि फोनमधला आकडा रविवारी शेजारीशेजारी ठेवून पाहावा.

ही नोंद घरातल्या सर्वांची असावी, केवळ मुलांची नव्हे. आमच्या घरी नोंद ठेवली तेव्हा मुलाचा वेळ अपेक्षेप्रमाणे जास्त निघाला, पण त्या वहीत माझेही नाव होते. रात्री दिवा मालवल्यावर मी रंगीत गोळ्या जुळवण्याचा गेम खेळत असे आणि तो गेम म्हणजे गेम आहे हे मला मान्यच नव्हते. पाच जीव संपले की थांबायचे, असा माझा समज होता. प्रत्यक्षात अर्ध्या तासाला एक जीव परत मिळतो, आणि मी तो मिळेपर्यंत बातम्या वाचत जागा राहत होतो. माझ्या पत्नीने माझ्या नावापुढच्या शेवटच्या रकान्यात ‘झोप लागल्यामुळे’ असे लिहून ठेवले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ हा दाखला मी वर्गात कितीदा तरी शिकवलेला आहे, पण तो वहीच्या रकान्यात इतक्या स्पष्टपणे प्रथमच दिसला. त्या रविवारी मी मुलाला ती वही दाखवली. नियमांविषयीचे बोलणे त्यानंतर बरेच सोपे गेले.

दुसरी पायरी: शेजारी बसून पाहणे

आपण न पाहिलेल्या गेमविषयी केलेला नियम मुले मनातून मानत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक आहे असे मला वाटत नाही. म्हणून एका संध्याकाळी खुर्ची ओढून मुलाच्या शेजारी बसावे, त्याला खेळू द्यावे आणि मध्ये उपदेश न करता विचारावे. हा गेम मध्येच थांबवता येतो का? एक डाव किती मिनिटांचा असतो? समोर खेळणारी माणसे खरी आहेत की संगणक खेळतो आहे? त्यांच्याशी बोलता येते का? पैसे कुठे लागतात? पाच प्रश्नांत गेमचा स्वभाव कळतो.

माझ्या मुलीला माइनक्राफ्ट आवडतो. त्यात ती एकटी ठोकळ्यांची घरे बांधते, कधीही थांबवता येते आणि परत आल्यावर घर जसेच्या तसे असते. मुलगा बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया खेळतो. त्यात शंभरापर्यंत खेळाडू एका बेटावर उतरतात, वर्तुळ आवळत जाते आणि शेवटपर्यंत उरणारा संघ जिंकतो. मोठ्या नकाशावरचा डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो, पण खेळाडू लवकर मारला गेला तर पाच मिनिटांतही बाहेर पडतो. आणि हा गेम मध्ये थांबवता येत नाही. जेवायला हाक मारल्यावर मुलगा ‘आलो’ म्हणतो आणि येत नाही, तेव्हा आईला तो उर्मट वाटतो, पण त्याच्या बाजूने पाहिले तर तीन मित्र त्याच्या भरवशावर आहेत आणि तो उठला तर ते हरणार आहेत. शेजारी बसल्याशिवाय मलाही हे कळले नव्हते. त्याच्या मनात मित्रांविषयी असलेली ही निष्ठा चांगली आहे. ती तोडण्याऐवजी तिला धरूनच नियम करता येतो.

तिसरी पायरी: शेवटचा डाव सुरू करण्याची वेळ

बहुतेक घरांत नियम असतो तो थांबण्याच्या वेळेचा: आठ वाजले की फोन खाली. भांडण नेमके तिथेच होते, कारण आठ वाजता डाव अर्ध्यावर असतो. कसोटी क्रिकेटमध्ये दिवसाचा खेळ संपण्याची वेळ होण्याआधी षटक सुरू झाले असेल तर ते पूर्ण केले जाते, नवे षटक मात्र सुरू होत नाही. घरातही हाच नियम करावा. थांबायची वेळ आठ असेल आणि डाव अर्ध्या तासाचा असेल, तर साडेसातनंतर नवा डाव सुरू होणार नाही. साडेसातला पाच मिनिटे असताना सुरू झालेला डाव शांतपणे पूर्ण होऊ द्यावा, त्या वेळी कोणी हाक मारू नये. साडेसात वाजून एक मिनिट झाले असेल तर मात्र सुरू करू नये, मग आधीचा डाव दोनच मिनिटांत संपलेला असला तरी. मुलाने मित्रांनाही आधीच सांगून ठेवावे, ‘मी साडेसातनंतर नाही.’ तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असे असू द्या, हे प्रभूचे सांगणे मित्रांच्या गटातही लागू पडते.

हा नियम बसायला आमच्याकडे जवळजवळ तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात रोजचा संवाद असा होता:

‘पप्पा, एकच मॅच, लास्ट.’

‘किती वाजलेत?’

‘सात एकतीस.’

‘मग?’

यापुढे मी बोलत नसे. बोलण्याने वाद वाढतो आणि वादात मुलेच जिंकतात. ‘बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिडीस आणू नका,’ असे इफिसकरांस पत्रात (६:४) लिहिले आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे मुले कडक नियमाने तितकी चिडत नाहीत, जितकी रोज बदलणाऱ्या नियमाने चिडतात. पाहुणे आले म्हणून आज दोन तास, उद्या बाबांचा राग म्हणून अजिबात नाही, असे चालले की मुलाला नियम कळत नाही, फक्त बाबांची मनःस्थिती कळते.

फोनमधल्या सोयींचा उपयोग करावा, पण त्यांची मर्यादा ओळखून. ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये प्रत्येक अ‍ॅपला रोजची मिनिटे ठरवून देता येतात. ती संपली की अ‍ॅप बंद होते, त्याचे चिन्ह करडे दिसते आणि मध्यरात्रीनंतर ते पुन्हा सुरू होते. पण ही मर्यादा फोन वापरणारा स्वतःच काढू शकतो, म्हणून ती मोठ्यांनी स्वतःसाठी लावावी. लहान मुलांसाठी गूगलचे ‘फॅमिली लिंक’ बरे, कारण त्याची किल्ली पालकांच्या फोनवर राहते. मात्र यंत्राची वेळ नेहमी ठरलेल्या वेळेपेक्षा वीस-पंचवीस मिनिटांनी पुढची लावावी. मुलाने आपणहून थांबावे हा हेतू आहे. यंत्राने डाव अर्ध्यावर तोडला तर तो हेतूही तुटतो. गलातीकरांस पत्रातल्या आत्म्याच्या फळांत शेवटचे फळ इंद्रियदमन आहे. ते फळ फोनच्या सेटिंगमध्ये उगवत नाही, पण रोप लहान असताना कुंपण लागते.

रात्री सर्वांचे फोन बाहेरच्या खोलीत एकाच जागी चार्जिंगला ठेवावेत. गजरासाठी साधे घड्याळ विकत घ्यावे, म्हणजे ‘गजरासाठी फोन उशाशी लागतो’ हे कारण उरत नाही. हे कारण सर्वांत आधी मीच सांगितले होते.

वेळापत्रक आखताना सोलापूरचा उन्हाळा विसरू नये. शाळेच्या दिवसांत आमच्याकडे रोज एक तास आणि तोही अभ्यास व आंघोळ-जेवण झाल्यावर, असा नियम आहे. मे महिन्यात तोच नियम चालवणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. तेव्हा आम्ही दुपारी दोन तास देतो आणि ऊन उतरल्यावर, साधारण साडेपाचनंतर, फोन कोणीही घ्यायचा नाही असे ठरवतो. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्याकडे ती हालचाल उन्हाळ्यात संध्याकाळीच शक्य आहे. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे. रविवारी उपासनेआधी फोन उघडायचा नाही, एवढाच एक वेगळा नियम पुरे. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला, हे लक्षात ठेवून रविवारच्या दुपारी घरातल्या सर्वांनी मिळून कॅरम किंवा एखादा गेम खेळायला माझी हरकत नसते.

चौथी पायरी: घरात कोणता गेम येऊ द्यायचा

प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमखाली तीन, सात, बारा, सोळा किंवा अठरा असे वयाचे चिन्ह असते. ते आधी पाहावे आणि त्याखालचा तपशीलही वाचावा. पण हे चिन्ह गेममध्ये काय दाखवले आहे ते सांगते, तो किती चिकटतो हे सांगत नाही. तीन वर्षांवरील म्हणून नोंदलेल्या गेमने माझी झोप घालवली होती.

हिंसेच्या बाबतीत माझे मत पुष्कळ पालकांपेक्षा थोडे सैल आहे. चोर-पोलीस आपणही खेळलो आहोत आणि लाकडी काठीची बंदूक आपणही केली होती. दोन संघांची लढाई आणि निरपराध माणसाला छळण्यात मजा वाटावी अशी रचना, यांत मी फरक करतो. स्त्रियांना वस्तूप्रमाणे दाखवणारे, वेश्यागमन किंवा लूटमार हीच करमणूक असणारे गेम आमच्या घरात येत नाहीत, आणि त्यासाठी फिलिप्पैकरांस पत्रातल्या ४:८ या वचनापलीकडे मला युक्तिवाद करावा लागत नाही. जे सत्य, जे आदरणीय, जे शुद्ध, त्याचे मनन करा, असे ते सांगते.

भुते, जादूटोणा, मंत्र यांच्या गेमविषयी मंडळीत दोन मते असतात. एखाद्या घराला ती निव्वळ परीकथा वाटते, दुसऱ्या घराला तिचा बोचरा त्रास होतो, विशेषतः जे कुटुंब स्वतः भीतीच्या धर्माचरणातून बाहेर आले आहे त्याला. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशा प्रसंगासाठीच आहे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. व्यवहारात याचा अर्थ असा, की नाताळात घरी आलेल्या मुलाच्या आईवडिलांना जो गेम चालत नाही, तो त्या दिवशी आपल्या मुलानेही उघडू नये.

पाचवी पायरी: जिभेचा आणि पैशाचा हिशेब

हेडफोन लावलेल्या मुलाचे बोलणे आपल्याला ऐकू येते, पण त्याला काय ऐकावे लागते ते आपल्याला ऐकू येत नाही. एक दिवस हेडफोन काढून आवाज मोकळा ठेवायला सांगावे. अनोळखी खेळाडूंच्या तोंडच्या शिव्या ऐकून बहुतेक आया त्याच क्षणी गेम बंद करायला निघतात. त्याआधी सेटिंगमध्ये आवाज फक्त आपल्या संघापुरता ठेवता येतो का, अनोळखी संदेश बंद करता येतात का, हे पाहावे. अनोळखी माणसाला नाव, शाळा, फोटो किंवा फोन नंबर द्यायचा नाही, हा नियम मात्र कोणत्याही वाटाघाटीविना लागू असावा. मुलाच्या स्वतःच्या जिभेविषयी मत्तय ५:२२ समोर ठेवावे. तिथे प्रभूने भावाला ‘मूर्ख’ म्हणण्यालाही खुनाच्या आज्ञेच्या संदर्भात बसवले आहे, आणि पडद्यापलीकडचा खेळाडू हाही कोणाचा तरी भाऊ आहे. आमच्याकडे शिवी निघाली की तो डाव शेवटचा ठरतो.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो. माझ्या फोनवर खरेदीसाठी पासवर्ड विचारण्याची सोय बंद होती. ऐंशी-ऐंशी रुपयांच्या तुकड्यांनी एका महिन्यात सतराशे साठ रुपये गेममधल्या बंदुकीच्या रंगांवर गेले आणि मला ते बँकेचे संदेश वाचायचा कंटाळा केल्यामुळे कळले नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असे आजच करून ठेवावे, यूपीआयचा पिन मुलासमोर टाकू नये, आणि खर्च करायचाच असेल तर तो मुलाने आपल्या खाऊच्या पैशांतून, दान बाजूला काढल्यानंतर, रोख मोजून द्यावा. नोट हातातून जाताना जे जाणवते ते बोट टेकवताना जाणवत नाही.

पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ हा वेगळाच विषय आहे. त्यांवर २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने कायदा करून बंदी घातली, मग तो कौशल्याचा खेळ असो वा नशिबाचा. तोपर्यंत कित्येक कामगार घरांतले पगार त्यात गेले होते. वधस्तंभाखाली शिपायांनी प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, हे चित्र ज्याच्या डोळ्यांपुढे आहे त्याने या वाटेला कायदा नसतानाही जाऊ नये.

सहावी पायरी: रिकामे घर

सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली तेव्हा आमच्या मंडळीतल्या आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुले दुसऱ्याच गेमवर गेली. जुलै २०२१ मध्ये त्याच धर्तीचा बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया हा नवा गेम आला, जुलै २०२२ मध्ये तोही हटवला गेला, मे २०२३ मध्ये परत आला, आणि या सगळ्या काळात मुलांचे तास फारसे कमी झाले नाहीत. अशुद्ध आत्मा निघून गेल्यावर घर झाडलेले, सजवलेले, पण रिकामे राहिले, म्हणून तो आपल्याहून वाईट सात सोबती घेऊन परत आला, असा दृष्टान्त प्रभूने सांगितला (मत्तय १२:४३-४५). गेम हा अशुद्ध आत्मा आहे असे मला म्हणायचे नाही. रिकाम्या घराचे काय होते, ते म्हणायचे आहे.

म्हणून जेवढा वेळ काढून घ्यायचा तेवढ्या वेळात काय भरायचे हे आधी ठरवावे, आणि ते मुलाला खरोखर आवडणारे असावे. गेममध्ये मुलाला तीन गोष्टी मिळतात: मित्र, प्रगती दिसणे आणि आपण कशात तरी तरबेज आहोत ही भावना. ‘त्यापेक्षा पुस्तक वाच’ हे सांगणे यांपैकी एकही देत नाही. आमच्या वर्गातल्या चार मुलांना उपासनेत तबला, ढोलकी आणि कीबोर्ड वाजवायला बसवले. दर शनिवारी तालीम असते, रविवारी सगळ्यांसमोर वाजवायचे असते, आणि चुकले तर सगळ्यांना ऐकू येते. त्यांच्या खेळण्याचा वेळ कोणी न सांगता कमी झाला. दुसऱ्या एका मुलाला संध्याकाळचा क्रिकेटचा गट मिळाला. एका मुलाचे काहीच जमले नाही, तो अजूनही कोपऱ्यात फोन घेऊन बसतो आणि मी अजूनही त्याच्या शेजारी जाऊन बसतो.

सातवी पायरी: उपवासकाळातील कसोटी

वर्षातून एकदा, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, घरातल्या सर्वांनी गेम पूर्ण बाजूला ठेवावेत. रविवार वगळता हे चाळीस दिवस होतात. उपवास वाईट गोष्टीचा करत नाहीत. भाकरी वाईट म्हणून कोणी उपास करत नाही, भाकरीवाचून राहता येते का हे पाहण्यासाठी करतो. एवढा मोठा काळ अवघड वाटला तर शेवटच्या पवित्र आठवड्यापासून सुरुवात करावी. अ‍ॅप फोनमधून काढून टाकावे, खाते मात्र राहू द्यावे. वाचलेल्या वेळेतला थोडा भाग कौटुंबिक प्रार्थनेला जोडावा, सगळा नको. सगळा जोडला तर मुलाला प्रार्थना ही शिक्षा वाटू लागते.

पहिले चार-पाच दिवस चिडचिड, कंटाळा आणि उगाच फोन उचलून पाहणे स्वाभाविक आहे. त्यानंतरही झोप उडालेली असेल, चोरून खेळणे सुरू झाले असेल, अन्न टाकले जात असेल किंवा घरात वस्तू फेकल्या जात असतील, तर ही बाब उपदेशाच्या पलीकडे गेली आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्थान दिले असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे सुरू राहणे, ही त्याची तीन लक्षणे, आणि निदानासाठी ती साधारणपणे वर्षभर दिसावी लागतात. निदान डॉक्टरांनी करायचे आहे, पाळकसाहेबांनी किंवा शब्बाथशाळेच्या शिक्षकाने नव्हे. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. मोडलेल्या हातासाठी आपण प्रार्थनाही करतो आणि प्लास्टरही घालतो.

ज्या घरात हे चाळीस दिवस बऱ्यापैकी पार पडतात, तिथे ईस्टरच्या संध्याकाळी काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे. नाहीतर उपवास सोडताना जेवणावर तुटून पडावे तसे होते. आम्ही त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर सगळे मिळून अ‍ॅप पुन्हा टाकतो. हंगाम बदललेला असतो, मुलाचा क्रमांक खाली घसरलेला असतो, हजेरीची साखळी तुटलेली असते. गेल्या ईस्टरला मुलाने ते पाहिले, थोडा हिरमुसला, आणि मग मलाच विचारले, ‘पप्पा, तुम्ही तुमचा गोळ्यांचा गेम टाकला का परत?’ मी टाकला नव्हता. वहीचे नवे पान काढून आम्ही दोघांनी वर तारीख घातली आणि त्याने पहिल्या रकान्यात लिहिले: सुरू, सात वाजून पाच मिनिटे.